गाळलेलं कडवं

आई,

तुझ्या नातीचं लग्न ठरलं. मुलगा बँकेत आहे, घर इथलंच, माधव नगरातलं, म्हणजे मुलगी डोळ्यांसमोर राहील. हे तुला कळवावं म्हणून लिहायला बसलो आणि दोन ओळींतच ते सांगून झालं. उरलं ते दुसरं आहे. ते सांगायला मला पंचवीस वर्षं लागली, तेव्हा कागदावर उतरायलाही थोडा वेळ लागेल.

काल सकाळी दर्शन करून परतताना टावर चौकामागच्या प्रेसवर गेलो होतो. मंगलाष्टकं छापायची आहेत. तू माझ्या लग्नासाठी केली होतीस तीच, नावं बदलून घालायची, असं तुझ्या सुनेनं ठरवलंय. तुझा तो कागद मी पाकिटात घालून नेला. प्रेसवाल्या मुलानं तो हातात घेतला आणि म्हणाला, "बाबूजी, ये तो बुखार का चार्ट है." खरंच होतं. एका बाजूला छापील चौकडी, वर कुणा बाईच्या पलंगाचा नंबर, तीन दिवस चढलेली आणि चौथ्या दिवशी उतरलेली तापाची रेघ. दुसऱ्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेली तुझी आठ कडवी. मी म्हटलं, पलटो. त्याला मराठी येत नाही, पण तुझं अक्षर त्याला आवडलं. "किसने लिखा है?" "माँ ने." "टीचर थीं?" "नहीं, नर्स थीं." बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आवाज अडखळला नाही. मग त्यानं शेवटच्या कडव्यावर बोट ठेवलं. "ये वाला कटा हुआ है. छापना है कि छोड़ना है?" कल बताता हूँ, म्हणालो आणि कागद घेऊन घरी आलो.

ते कडवं माझ्या लग्नात म्हटलं गेलं नाही, हे तुला ठाऊक आहे. का नाही, ते मी तुला तेव्हा सांगितलं होतं. मी सांगितलं ते खोटं होतं. एवढंच लिहून थांबावं असं वाटतं, पण तू अशा एका ओळीवर कधी कुणाला सोडलं नाहीस. पोटात दुखतंय म्हणणाऱ्या बाईलाही तू विचारायचीस, कधीपासून, कुठे, आणि काल काय खाल्लं होतं.

म्हणून आधीपासून सांगतो. बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि तू बावीसची. मामानं तुला इंदूरला नर्सिंग शिकायला पाठवलं आणि मला बडनगरच्या वाटेवरच्या त्याच्या गावी ठेवून घेतलं. तो तिथल्या शाळेत मास्तर होता. आपल्या लोकांत तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. घरंदाज विधवा परक्या बायांची घाण काढणार म्हणून दोन-तीन घरांनी मामाकडचं पाणी सोडलं. मला यातलं काही कळत नव्हतं. मला कळायचं एवढंच की दर पंधरा दिवसांनी तुझं पोस्टकार्ड येतं, त्यावर वृत्तात बसवलेल्या चार ओळी असतात, आणि मलाही तशाच चार ओळींत उत्तर द्यायचं असतं. शाळा हिंदी होती. मराठी मी त्या कार्डांवर शिकलो. मामा ओसरीवर बसून माझ्या ओळी मोजायचा, बोटांनी मांडीवर ताल धरून, आणि जमली की म्हणायचा, "हां, आता टाक पेटीत."

एकदा मला ताप येत होता. दोन आठवडे, दिवसाआड. तू काळजी करशील आणि रजा मिळणार नाही, म्हणून मी कार्डावर लिहिलं की मी मजेत आहे, विहिरीत पोहतो आहे, चिंचा पाडतो आहे. चारही ओळी सुरेख जमल्या होत्या. मामीनं मागाहून कुणाबरोबर तरी निरोप धाडला असावा. रविवारी तू मोटारीतून उतरून सडकेपासून चालत आलीस, पांढऱ्या लुगड्याला गुडघ्यापर्यंत धूळ. मी गोधडीखाली होतो. तू कपाळावर हात ठेवलास, मनगट धरलंस, छातीवर टाचलेल्या घड्याळाकडे पाहत मोजलंस, आणि मोजून झाल्यावरच बोललीस. "कार्ड मिळालं. एक अक्षर कमीजास्त नव्हतं." मी खूश झालो. "आणि सगळं खोटं होतं," तू म्हणालीस. "वृत्त चुकलं तर कान सांगतो. मजकूर खोटा असला तर कुणी सांगत नाही. तो ज्याचा त्यानं बघायचा." आवाज चढला नव्हता. मग क्विनाइनची कडू पुडी माझ्या जिभेवर ठेवून तू माझं नाक धरलंस. त्या दिवशी मी कडू औषधानं रडलो असं मामीला वाटलं.

तुला इथं उज्जैनच्या अस्पतालात नोकरी लागली आणि पुढं शिकायला मी तुझ्याकडे आलो. दोन खोल्या, मागं नळ. ड्यूटीवरून आलीस की तू आधी मागल्या दारी जायचीस, बादलीभर पाण्यानं हातपाय धुवायचीस, लुगडं बदलायचीस आणि मगच चुलीशी. एकदा जेवताना मी म्हणालो, "पोळीला लायझॉलचा वास येतो." वास खरंच यायचा, तो तुझ्या हातांच्या भेगांत बसलेला असायचा. दुसऱ्या दिवसापासून कणीक मळायच्या आधी तू हातांना लिंबाची साल चोळायला लागलीस. भेगांवर लिंबू. मला तेव्हा ते दिसलं आणि तरी दिसलं नाही.

कविता तू तिथंच करायचीस, चुलीसमोर. वॉर्डातले कोरे राहिलेले किंवा रद्दीत टाकलेले चार्ट आणायचीस आणि पेन्सिलीनं लिहायचीस, कारण पेन गळलं तर युनिफॉर्म खराब होतो. ओळ जमली की नाही हे बघायची तुझी एक रीत होती. डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवायचीस आणि नाडीच्या ठोक्यावर ओळ पुटपुटायचीस. मी विचारलं होतं, ताप आला तर कविता जलद होते का? तू हसलीस, म्हणालीस, "होते ना. म्हणून तापात केलेली दुसऱ्या दिवशी परत बघायची."

तुझ्या कविता दोन जातीच्या होत्या. श्रावणावरच्या, तुळशीवरच्या, त्या मासिकांत छापून यायच्या. वॉर्डातल्या परत यायच्या. एक आठवते, जिचं बाळ रडलंच नाही तिच्या शेजारच्या पलंगावरच्या बाईवर होती, ती आपल्या बाळाचं रडणं पदरानं दाबत असते. ती परत आली, सोबत चिठ्ठी, की विषय कवितेस योग्य नाही. तू चिठ्ठी वाचून म्हणालीस, "संपादकांना कधी बाळ झालेलं दिसत नाही." आणि त्या चिठ्ठीच्या पाठीवर वाण्याची यादी लिहिलीस.

पण गावातल्या मराठी मंडळींत तुझं नाव होतं ते मंगलाष्टकांसाठी. लग्न ठरलं की लोक नावांची यादी घेऊन आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसायचे. एक काका आले होते, त्यांचं बोलणं अजून कानात आहे. "बाई, सातही भाऊ आले पाहिजेत. आणि आत्या. आत्याचं राहिलं तर ती मांडवात पाय ठेवणार नाही, पक्का." "एका कडव्यात आठ जण?" तू विचारलंस. "काका, वॉर्डात जागा नसली की मी एका पलंगावर दोन बाया निजवते. आठ नाही निजवल्या कधी." "बघा ना थोडं सरकवून." आणि तू सरकवलेस. छापून यायचं तेव्हा खाली वधूच्या मामांचं किंवा वराच्या मित्रमंडळाचं नाव असायचं. तुला बोलावणं यायचं ते पंगतीचं, मांडवातलं नाही. तू विधवा होतीस, आणि वर नर्स. तू म्हणायचीस, "माझी ड्यूटीच असते त्या वेळी." मला ते खरं वाटायचं. ड्यूटी हा शब्द किती कामाचा आहे ते मला तुझ्याकडूनच कळलं, पुढं मीही तो वापरला.

आझादीच्या सकाळी मी शाळेच्या प्रभातफेरीत होतो. फेरी अस्पतालावरून गेली. रोग्यांना लाडू वाटत होते, आवारात झेंडा चढत होता, सगळा स्टाफ खाली उभा, आणि तू कुठं दिसेनास. दुपारी घरी आल्यावर सांगितलंस, "खिडकीतून पाहिला झेंडा. हात अडकलेले होते." एका खेड्यातल्या बाईला त्याच वेळी मुलगा झाला होता. तिची सासू तुझ्या पाया पडायला लागली, म्हणाली, "बई, आज रो दन हे, तमीज नाम राखो." तू म्हणालीस, नाव काहीही ठेवा, पण सहा महिन्यांनी देवी टोचायला घेऊन या. मला वाटलं होतं की तू झेंड्यावर कविता करशील. तू त्या सासूवर केलीस.

मग संस्थान गेलं, मध्य भारत आला, आणि मध्य भारताची पाटी नीट वाळते न वाळते तोच तोही मोडून मध्य प्रदेश झाला. मी तेव्हा सरकारी कचेरीत कारकून होतो, नुकताच कायम झालेलो. रोज नवी अफवा. कोण उज्जैनला राहणार, कोणाला भोपाळला धाडणार, ग्वाल्हेरची माणसं वर की इंदूरची, सगळं याद्यांवर होतं आणि याद्या साहेबांच्या टेबलाच्या खणात. त्या दिवसांत कचेरीत कोणाच्या डोळ्यांत भरू नये, असं प्रत्येकाला वाटायचं. मला जास्तच. आमचे बडेबाबू, त्यांचा धाकटा मुलगा तुझ्याच हातून झालेला, एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाले, "काय हो, तुमच्या मातोश्रींनी आमचा धाकटा दोन तासांत बाहेर काढला. तुम्हाला एक फाइल बाहेर काढायला चार दिवस?" सगळी खोली हसली. साहेबही हसले. त्यात वाईट काही नव्हतं, आज मला दिसतं की बडेबाबू तुझं कौतुकच करत होते. पण माझे कान तापले. त्यानंतर कुणी विचारलं की आई काय करते, तर मी म्हणायचो, अस्पतालात आहे. कुणाला वाटलं तर वाटू दे, तिथल्या ऑफिसात असेल.

अशात माझं लग्न ठरलं. घर जुनं, दरबारच्या दप्तरात पिढ्यान्‌पिढ्या काम केलेलं. सासरे मोजकं बोलणारे. आपल्या दोन खोल्यांत आले, तुझ्या हातचा चहा घेतला, तुला फार काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं नाही म्हणून मला हायसं वाटलं. त्यांना तुझं काम माहीत नसावं, अशी मी माझी समजूत करून घेतली.

लग्नाला पंधरा दिवस उरले तेव्हा तू मला हा चार्ट दिलास. म्हणालीस, "सात कडवी तुमची. आठवं माझं आहे." मी ते प्रेसवर जाऊन, काउंटरशी उभा राहून पहिल्यांदा वाचलं. देव झाले, कुळं झाली, मामा-मामी झाले, वधूकडची सगळी माणसं झाली, आणि शेवटी:

बाळांना पहिल्या क्षणी धरियले या दोन हातांत मी,
आता ते कर जोडुनी विनविते, कुर्यात् सदा मंगलम्.

इतक्या लग्नांची मंगलाष्टकं केलीस, त्यांत तू स्वतः कधी आली नव्हतीस. या एकात आलीस. आज मी ते वाचतो आणि मला दुसरं काही दिसत नाही, जोडलेले हात दिसतात. त्या दिवशी मला मांडव दिसला. पहिल्या रांगेत साहेब, मागं बडेबाबू, समोर सासरच्या जरीच्या पगड्या, आणि ही ओळ म्हटली जाताच सगळ्या माना वळून तुझ्या हातांकडे बघणार. कचेरीतली लाल-निळी पेन्सिल माझ्या खिशात होती. निळ्या टोकानं मी त्या दोन ओळींवरून हलकीच एक रेघ मारली आणि प्रेसवाल्याला सांगितलं, त्याऐवजी पोथीतलं एखादं जुनं घ्या.

घरी आलो तेव्हा तू ताटात तांदूळ निवडत होतीस, लग्नाच्याच अक्षतांचे. प्रूफ कधी येणार, तू विचारलंस. मी चपला काढता काढता म्हणालो, "त्यांच्याकडून निरोप आलाय. शेवटचं कडवं नको म्हणतात."

"कोण म्हणालं?"

"तिकडचे. मोठी माणसं."

तू एक खडा बाजूला काढलास. मग दोन्ही हात ताटावरून उचलून जरा वेळ स्वतःच पाहिलेस, उलटे, सुलटे. "बरं," म्हणालीस. "त्यांचंही बरोबर असेल. मांडवात कशाला ते." आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागलीस. भांडली असतीस तर मी खरं बोललो असतो, असं मी पुढं पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो.

लग्नात तू मागं खांबाशी बायकांत बसलीस. मामा-मामींनी सगळे विधी केले. अंतरपाटाच्या पलीकडे काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, पण तू दिसत होतीस. प्रत्येक कडव्याला तुझा हात उठत होता आणि अक्षता पडत होत्या. आठव्याला, त्या उसन्या कडव्याला, हात उठला नाही. मूठ मांडीवर तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मागल्या दारी तू पदराची गाठ सोडून ते लाल तांदूळ चिमण्यांना टाकताना मी पाहिलं.

त्यानंतर तू माझ्या सासरी कधी गेली नाहीस. संक्रांत आली, दसरा आला, तुझ्या सुनेच्या धाकट्या भावाची मुंज झाली. प्रत्येक वेळी ड्यूटी. सुनेवर मात्र तुझा जीव. तिला तू कधी टोचून बोलली नाहीस, तिच्या माहेरचं कधी वेडंवाकडं काढलं नाहीस, ते घर तेवढं तुझ्यासाठी रस्त्याच्या पलीकडे राहिलं. ती बिचारी मला विचारायची, "अहो, आईंना आमच्याकडचं काही खटकतं का?" मी म्हणायचो, "नाही गं, स्वभाव."

आणि मग तो दिवस. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी होती. दुपारी तिचा मोठा भाऊ टांगा घेऊन आला. "विहीणबाईंना बाबांनी बोलावलंय. म्हणाले, त्याच पाहिजेत, दुसरं कुणी नको." तुझी पिशवी आठ दिवस आधीपासून भरलेली होती. उकळून फडक्यात बांधलेली कैची, दोरा, बोरिकचा कापूस. मी ती खुंटीला रोज बघत होतो. तू खुंटीकडे गेलीस, पिशवी काढलीस आणि माझ्याकडे वळलीस. "तू सांगितलंस का त्यांना बोलवायला?"

"नाही. त्यांनीच."

"सून आहे, म्हणून बोलवावं लागतं त्यांना." तू पिशवीची दोरी बोटाला गुंडाळत होतीस. "मनात नसताना बोलावलेल्या घरी बाळंतपणाला जाऊ नये रे. हात कचरतो. तिथं हात कचरून चालत नाही."

बाहेर घोडा पाय आपटत होता. आई, मला फक्त एक वाक्य म्हणायचं होतं. ते कडवं मी काढलं, त्यांनी नाही. पाच-सहा शब्द. तू टांग्यात बसली असतीस. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो आणि देवाचं नाव घेत होतो, की तू आपणहून निघावीस, मला बोलावं लागू नये. तू कागदाच्या कपट्यावर तुझ्या बरोबरीच्या सिस्टरला दोन ओळी लिहिल्यास, पिशवी आणि कपटा सुनेच्या भावाच्या हातात दिलास. "यांना घेऊन जा. माझ्यापेक्षा हात हलका आहे त्यांचा." टांगा वळला. मग तू चुलीपुढं बसलीस, चूल पेटवलेली नव्हती, आणि दोन बोटं मनगटावर ठेवून दिवेलागण होईपर्यंत तशीच बसून राहिलीस. मुलगी झाल्याचा निरोप आला तेव्हा तू एवढंच विचारलंस, "रडली ना लगेच?"

सव्वा महिन्यानं मुलगी आपल्या घरी आली. तू तिला मांडीवर घेतलंस, दुपटं उघडलंस आणि सगळ्यात आधी बेंबी पाहिलीस. "छान बांधली होती नाळ," म्हणालीस. "सिस्टरनं काम चांगलं केलं." अख्ख्या उज्जैनची मुलं तू पहिल्या क्षणी हातात घेतलीस. हिला सव्वा महिन्यानं.

ती दुसरीत असताना तू गेलीस. फार त्रास झाला नाही, तुझ्याच वॉर्डातल्या मुली आळीपाळीनं येऊन बसत होत्या. नंतर मी तुझी पत्र्याची पेटी उघडली. घड्याळ, इस्त्री केलेली टोपी, चार्टांचा गठ्ठा, माझी सगळी पोस्टकार्डं, तापातलंसुद्धा. आणि तळाशी हा कागद. प्रेसवरून तू तो परत आणला होतास, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

सासरे तुझ्यानंतर दहा वर्षं होते. शेवटच्या दुखण्यात मी त्यांना औषध द्यायला गेलो असता म्हणाले, "एक विचारू? तुमच्या आई आमच्याकडे कधी आल्या नाहीत. आमचं काही कमी पडलं का?" मी बाटली हलवली. तेच पुढं म्हणाले, "माझ्या बहिणीचं बाळंतपण त्यांनी केलं होतं. दोन्ही जीव वाचवले. ज्या घरात असा हात आहे तिथं मुलगी द्यायची, म्हणून मी पत्रिकासुद्धा धड बघितली नाही." मी चमच्यात औषध ओतत होतो. म्हणालो, "नाही हो, ड्यूटी असायची तिला." त्यांना बरं वाटलं असं दिसलं. तेही गेले.

काल संध्याकाळी तुझी सून स्वयंपाकघरात बसून हा कागद उतरवून घेत होती, जुन्या नावांच्या जागी नवी घालत. रेघेखालचं तिनं डोळे बारीक करून लावलं आणि चालीवर म्हणून पाहिलं. "अहो, हे आपल्या लग्नात नव्हतं." "जागा पुरली नसेल," मी म्हणालो, "प्रेसवाल्यानं गाळलं असेल." पन्नाशीला आलेला माणूस, कपाळाला सकाळचं गंध, आणि एवढ्या सहज बोललो. ती भाजी चिरताना तेच कडवं गुणगुणत राहिली. बाळांना पहिल्या क्षणी धरियले. आणि मला ऐकू आलं ते असं, की ज्या मुलीच्या लग्नात हे म्हणायचं तीच एक या हातांत पहिल्या क्षणी नव्हती. तू लिहिलंस तेव्हा मजकूर खरा होता. तो खोटा मी केला.

आज पूजा झाल्यावर तुझ्या सुनेला सांगितलं. सगळं, टांग्यापर्यंत. ती कणीक मळत होती, हात तसाच परातीत राहिला.

"मतलब, आईंना वाटायचं की बाबांनी ते कडवं काढायला लावलं."

"हो."

"आणि बाबांना वाटायचं की आईंना आम्ही आवडलो नाही."

"हो."

"बाबा त्या दिवशी फाटकातच उभे होते हो," ती म्हणाली. "मी आतून ओरडत होते आणि ते बाहेरून सारखे विचारत होते, टांगा दिसला का, टांगा दिसला का. ती सिस्टर उतरली तेव्हा त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं, काकू अजून सांगते." मग तिनं परातीवर फडकं टाकलं आणि आत निघून गेली. दुपारी ताट वाढलं आणि परत आत गेली. मग मी पान खात बसलो होतो तिथं येऊन तिनं कागद माझ्यासमोर ठेवला. "आठही छापा. आणि खाली आईंचं नाव. पूर्ण. नर्स होत्या तेही."

मी म्हणालो, "पण ती ओळ आपल्या मुलीपुरती खरी नाही."

"ते तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली. "मी म्हणणार आहे."

आता ती शेजारी आमंत्रणाला गेलीय, मुलगी कॉलेजात. कागद माझ्यापुढे आहे आणि संध्याकाळी प्रेसवर जाऊन मी सांगणार आहे, छापना है. हे पत्र कुठं टाकायचं ते कळत नाही. क्षिप्रेत सोडावं असं एकदा मनात आलं, पण पाण्यात सोडलेलं लोकांच्या पायांत येतं. तुझ्याच पेटीत, पोस्टकार्डांखाली ठेवीन.

एक दुरुस्ती करायची राहिली. वर मी लिहिलं की हलकीच रेघ मारली. तसं नाही. कागद उजेडात धरला की रेघेतून पलीकडचं दिसतं, दोन ठिकाणी तो फाटलाय, आणि मागच्या बाजूला त्या कुणा बाईच्या उतरत्या तापावर निळा वण उमटलाय. हा कागद तू प्रेसवरून आणलास, उलगडून पाहिलास, जपून ठेवलास. जन्मभर तू हात बघितलेस, आपले आणि दुसऱ्यांचे. नुसता निरोप पोचवणारा माणूस इतका जोर लावत नाही, हे तुला कळलं असणार.